तुमच्यासाठी उपलब्ध नाही

काकूंनी पुन्हा तेच बटण दाबलं. टीव्हीवर बंदराचं चित्र आलं, पण रोजच्यासारखं निळं नाही. धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखं करडं. त्यावर एक छोटं कुलूप आणि खाली ओळ: 'हा खेळ आता तुमच्यासाठी उपलब्ध नाही.'

त्यांनी चष्मा काढला, अस्तराच्या चिंधीने पुसला आणि परत घातला. ओळ तीच. मग टीव्ही बंद करून सुरू केला, कंट्रोलरच्या बॅटऱ्या काढून पुन्हा बसवल्या, टीव्हीखालच्या काळ्या डब्याची वायर उपसून परत खोचली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. आधी बंद करा, मग सुरू करा, अर्धी दुखणी तिथेच पळतात, हा त्याच्या धंद्यातला पहिला मंत्र घरात सगळ्यांना पाठ होता. हे दुखणं काही पळालं नाही.

त्यांचं मन 'तुमच्यासाठी' या शब्दावर अडलं. दुकान बंद असलं की 'दुकान बंद आहे' अशी पाटी लागते. 'तुमच्यासाठी बंद आहे' अशी पाटी कोणी लावत नाही, आणि लावलीच तर ती भांडणाची पाटी असते. म्हणजे खेळ होता तिथेच होता, दुसऱ्या कोणासाठी तरी चालू होता. फक्त त्यांना आत सोडत नव्हते.

शिवणयंत्रावर एका दवाखान्याच्या पडद्यांना चुण्या घालायच्या राहिल्या होत्या. गल्लीत सगळे त्यांना पडदेवाल्या काकू म्हणत आणि दिलेल्या वेळेला काम देण्याबद्दल त्यांचं नाव होतं. त्या यंत्रापाशी जाऊन बसल्या खऱ्या, पण एक चूण रुंद पडली, दुसरी अरुंद, आणि त्यांनी पायट्यावरचा पाय काढून घेतला.

खेळांचा हा काळा डबा सुनेने आणला होता. सून म्हणजे आता सून नाही. पण दुसरं म्हणायचं काय? 'माजी सून' म्हणावं तर मंत्रिपद गेल्यासारखं वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने तो टीव्हीखाली बसवला, कुटुंबासाठी म्हणून महिन्याचे पैसे भरायची कसलीशी योजना घेतली आणि सगळ्यांची नावं टाकली. काकूंचं नाव तिने ठेवलं 'हेडऑफिस'. स्वतःचं 'शाखा'. नवऱ्याचंही एक नाव होतं, पण दिवसभर वर-खाली करून आलेल्या त्या माणसाला घरी आल्यावर आडवं व्हायचं असे, खेळायचं नसे.

मग दोघींनी मिळून बंदर चालवलं. समुद्रकाठी एक धक्का, चार झोपड्या, बोटी येणार-जाणार. एकीने केलेलं काम दुसरीला दिसे, त्यामुळे दोघींनी एकाच वेळी बसलं पाहिजे असंही नव्हतं. जाळी विणणं आणि दिव्यात तेल घालणं काकूंकडे, बोटी रंगवणं सुनेकडे. काकूंना खेळातला ब्रश काही केल्या धरता येत नसे. बोटीपेक्षा पाणीच जास्त रंगायचं आणि सून हसून हसून सोफ्यावरून घसरायची.

पुढे मुलाचं आणि तिचं पटेनासं झालं. का, ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि काकूंना दोघांचंही खरं वाटलं. सून गेली. डबा न्यायचा विसरली की मुद्दाम ठेवून गेली, कळलं नाही. बरेच दिवस काकूंनी त्याच्यावर एक कापड टाकून ठेवलं होतं. मग एका दुपारी, घरात कोणी नाही हे पाहून, त्यांनी तो लावला. बंदर जागेवर होतं आणि सगळ्या बोटी ताज्या रंगवलेल्या होत्या.

त्या दिवसापासून त्यांच्यात एक शब्द झाला नाही की फोन झाला नाही. पण काकू जाळी विणून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी बोटी रंगलेल्या असत. लाल रंग असला की त्या म्हणत, बरी आहे. करडा असला की काम फार दिसतंय. एकदा पुष्कळ दिवस रंगच नव्हता, तेव्हा काळजीपोटी त्यांनी गरजेपेक्षा दुप्पट जाळी विणली. मग एका सकाळी सगळ्या बोटी पिवळ्याजर्द झाल्या तेव्हा त्यांनी समोर कोणी नसताना टीव्हीकडे बघून मान हलवली. मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटे, आई एकटीच मासे पकडत बसते.

संध्याकाळी तो आला, बूट काढत होता तेव्हा काकू म्हणाल्या,

"अरे, ते बंदर उघडत नाही."

"कुठलं बंदर?"

"टीव्हीतलं."

त्याने एका पायात बूट ठेवूनच जाऊन पाहिलं.

"हे भाड्याचं असतं, आई. महिन्याचे पैसे भरायचे आणि ते जे ठेवतील ते खेळायचं. त्यांनी काढला असेल हा." मग तो थांबला. "नाहीतर मग..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर तिने काढलं असेल तुला. योजना तिचीच होती ना. मी तर तेव्हाच बाहेर पडलो."

"पण आपण तो खेळ घेतला होता ना?"

"घेतला नव्हता. घेतल्यासारखं होतं."

काकूंना हे काही उलगडेना. भाड्याने घेतलं तरी माणूस 'घर घेतलं' म्हणतो, विकत घेतलं तरी 'घर घेतलं'च म्हणतो. शब्द एकच, फरक कळतो तो घरमालक दारात येऊन उभा राहिला की. इथे तर दारात कोणीच दिसत नव्हतं.

"मग दोन्हींतलं काय झालंय नक्की?" त्यांनी विचारलं.

"काय फरक पडतो? गेला तो गेला."

फरक पडत होता. कंपनीने खेळ नेला असेल तर वाईट झालं, संपलं. पण तिने काढलं असेल तर? काही बोललं, चुकलं म्हणावं तर बोलणंच नव्हतं. जाळी दुप्पट विणली हे तिला आगाऊपणाचं वाटलं असेल का? की इतके दिवस ही बाई आपल्या पैशांवर फुकट खेळतेय हे तिच्या आत्ता लक्षात आलं? काकूंना एवढंच कळायला हवं होतं, की बंदर गेलं की त्यांना घालवलं. आणि हे मुलाला विचारण्यासारखं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मुलाने तोच खेळ विकत आणला. मन मोठं करून आणला, हे काकूंना दिसत होतं.

"घे. आता कायमचा तुझा. कोणाच्या बापाला काढता येणार नाही."

"आणि जुनं बंदर?"

"ते त्या योजनेत होतं. हे नवीन खातं आहे. नवं बंदर बांध की, वेळच वेळ आहे तुला."

नवं बंदर म्हणजे नुसता धक्का होता. जाळी फाटलेली, बोटींचं लाकूड उघडं. काकूंनी मुलासमोर आनंद दाखवला, जाळी विणली, दिव्यात तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर बसायच्या आधी उघडून पाहिलं. दिवा जळत होता. बोटी होत्या तशाच उघड्या. तिसऱ्या दिवशीही त्यांनी पाहिलं, आणि मग स्वतःचाच राग आला, की आपण नेमकं काय बघायला बसतो आहोत?

घर बदलणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जुने पडदे घेऊन येत. पडदा स्वतःचा, पैसे मोजून शिवलेला, पण नव्या घराच्या खिडकीला तो कुठे आखूड पडे, कुठे लोळे. 'याचं काही करता येईल का हो?' असं विचारत ती माणसं उभी राहत, आणि काकू प्रत्येकाला समजावत. आता त्यांना समजावायला कोणी नव्हतं.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. विनाकारण कसं जायचं, म्हणून काकूंनी शिवणयंत्राच्या छोट्या पेचकसाने आपल्या धडधाकट चष्म्याचा स्क्रू सैल करायला घेतला. आजवर कुठली वस्तू मुद्दाम बिघडवायची सवय नव्हती, त्यामुळे आधी तो उलटा फिरवून आणखी घट्टच केला. मग जमलं. चष्मा हातात धरूनच त्या बसने गेल्या. वाटेतली एक पाटी धड वाचता येत नव्हती.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. सून काउंटरमागे काचा पुसत होती. तिने वर पाहिलं, हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बसा ना," ती म्हणाली. आई म्हणाली नाही, काकूही म्हणाली नाही.

"दांडी सैल झालीय."

सुनेने चष्मा दिव्याखाली धरला. बराच वेळ बघत राहिली.

"स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत. मोठ्या पेचकसाने कोणीतरी खटपट केलीय."

"असेल," काकू म्हणाल्या. "घरात कोण काय करतं, मी कुठे बघत बसू."

ती बारीक पेचकस शोधायला खाली वाकली आणि वाकलेलीच असताना म्हणाली,

"बंदर गेलं."

काकू काउंटरवर पुढे झुकल्या.

"तुझंही?"

"सगळ्यांचंच. कंपनीचा करार संपला म्हणे. मला आधी ठाऊक नव्हतं. नुसतं आलं, तुमच्यासाठी उपलब्ध नाही. मला वाटलं, झालं, हेडऑफिसने शाखा बंद केली."

"मी?" काकूंना हसावं की रडावं कळेना. "मी कशी बंद करणार? सगळं तुझं. मला तर वाटलं तूच मला काढलंस."

"मी नाही काढू शकत. माझं कुठे आहे ते?" सून सरळ उभी राहिली. "आई, तुम्ही कुटुंबप्रमुख आहात त्यात. पहिल्या दिवशी मी तुमचाच मोबाईल नंबर टाकला होता, माझा बदलायचा होता म्हणून. पैसे माझ्याकडून जातात तेवढंच. काढायचं बटण पहिल्यापासून तुमच्याकडे आहे."

काकूंना हे समजून घ्यायला वेळ लागला. म्हणजे इतके दिवस आपण कोणाच्या तरी घरात चोरपावलांनी वावरत होतो, ते घर आपलंच होतं. आणि जिचं म्हणून आपण घाबरत होतो, ती तिथे रोज येऊन, हळूच रंग देऊन, आपण हाकलू का याची वाट पाहत होती.

"मग पैसे कशाला भरत बसलीस गं?"

सुनेने स्क्रू बसवला, दांडी उघडून मिटून पाहिली.

"बोटी रंगवायच्या असायच्या," ती म्हणाली.

"परत येईल ते?"

"नाही. ते आपलं नव्हतंच ना. रोज उघडून देत होते, म्हणून आपलं वाटायचं."

बाहेर कोणीतरी काचेमागच्या चष्म्यांच्या चौकटी बघत उभं राहिलं आणि निघून गेलं. सून चष्म्याची काच पुसू लागली. ती आधीच स्वच्छ होती.

"एक सांगायचं होतं. फोन करणार होते, पण जमेना. मी लग्न करतेय. पुढच्या महिन्यात, नोंदणी पद्धतीने."

"चांगला आहे?"

"बोललेलं ऐकून घेतो."

मुलाची आई म्हणून काकूंना हे टोचलं. बाई म्हणून पटलं.

"त्यांच्या घरी पण अशीच योजना आहे," सून म्हणाली. "त्याची बहीण मागे लागलीय, ये म्हणून. पण एका वेळी एकाच कुटुंबात राहता येतं. तसा नियमच आहे."

"मग जा की."

"स्वतःहून निघालं, की कुटुंबप्रमुखाला संदेश जातो. सदस्याने कुटुंब सोडलं म्हणून." तिचा आवाज खाली आला. "एकदा सोडून झालंय, आई. दुसऱ्यांदा तुम्हाला तसं वाचायला लावणं माझ्या जिवावर येतंय. त्यापेक्षा तुम्हीच मला काढून टाका. मी दाखवते कुठे दाबायचं."

काकूंनी पिशवीतून मोबाईल काढला. सुनेने काउंटरवरून वाकून दोन-तीन ठिकाणी बोट लावलं, जसं ती पूर्वी सोफ्यावर शेजारी बसून लावायची. यादी आली. दोनच नावं होती. दुसऱ्या नावावर बोट ठेवलं तेव्हा मोबाईलने काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" काकू म्हणाल्या. चष्मा अजून सुनेच्या हातात होता.

"या सदस्याला कुटुंबातून..." सून वाचू लागली आणि पुढचं वाचलं नाही.

काकूंनी मोबाईल आपल्याकडे ओढून घेतला आणि बंद करून पिशवीत टाकला.

"मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "तू सोड. मला आलेला संदेश चालेल. माझ्याकडून तुला तसला गेलेला चालणार नाही. तुलाही आणि मलाही."

सुनेने चष्मा काउंटरवर ठेवला. मग तिने स्वतःचा मोबाईल घेतला आणि काकूंकडे पाठ करून काहीतरी केलं. फार वेळ लागला नाही. काकूंच्या मांडीवरच्या पिशवीत मोबाईल एकदा थरथरला. दोघींनीही ऐकलं.

सुनेने काउंटरच्या या बाजूला येऊन चष्मा दोन्ही हातांनी त्यांच्या डोळ्यांवर बसवला, कानांमागे दांड्या चाचपून पाहिल्या.

"टोचतंय का कुठे?"

"नाही. बरोबर आहे." काकूंनी पिशवीत हात घालून पाकीट शोधलं. "किती झाले?"

"राहू दे हो," सून फडक्याची घडी घालत सवयीने म्हणाली, "घरच्यांचे घेत नाही आम्ही."

मग तिचे हात थांबले.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि पाकीट तसंच आत जाऊ दिलं. मोबाईल हाताला लागला, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही.