जवळ्याचा डबा

त्या शुक्रवारी आईबरोबर मीही शाळेत गेले होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी दर शुक्रवारी कासूहून रिक्षा करून ती खाडीकाठच्या आपल्या जुन्या शाळेत जायची आणि लहान मुलांना काय खावं ते शिकवायची. फळ्यावर दोन रकाने असत. ‘चांगलं’खाली मोड आलेले वाल, शेवग्याचा पाला, ताक. ‘वाईट’खाली पुडीतले वेफर्स, बाटलीतलं सरबत आणि शेवटी, न चुकता, सुकी मासळी.

“ज्याला घाण वास, ते पोटाला वाईट,” आई म्हणाली.

मिठागरावरची एक मुलगी उठली. “बाई, माझी आय रोज सुका जवळाच देते.”

“मग आईला सांग, बाईंनी बंद करायला सांगितलंय.”

शाळेची खिचडी शिजवणारी सगुणा डाव घेऊन दारात उभी होती. “खाडीत वाल पिकत नाय, बाई. पोरांनी काय मीठ चाटायचं?”

मुलं हसली. आई लाल झाली. “चौथीतही अशीच उलट बोलायचीस तू.”

“चौथी पुरी कुठं करू दिलीत?” सगुणा आईशी बोलत होती, पण बघत होती माझ्याकडे. मी चष्मा पुसत राहिले.

चौथीत आम्ही एका बाकावर बसायचो. मधल्या सुट्टीत आई सगळ्यांचे डबे उघडून बघायची. आमच्या शेतातल्या वालांचा मला कंटाळा आला होता. एक दिवस माझ्या डब्यात आईला जवळा सापडला. “हा कुणी घातला?” मी सगुणाकडे बोट दाखवलं. आईने तिचा डबा कुंपणापाशी नेऊन कावळ्यांपुढे पालथा केला आणि तिला एकटीला दाराजवळ बसवलं. आठवडाभर सगुणा तिथे बसली. नंतर आईबापांबरोबर मिठागरावर जायला लागली.

रिक्षात आई म्हणाली, “या लोकांना चव कळते, पोषण कळत नाही.” जवळ्यात कॅल्शियम किती असतं ते मी कितीदा तरी वाचलं होतं. मी बाहेर बघत राहिले.

शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता आई गेली.

तेराव्यानंतर शाळेने निरोप धाडला. मुलं जेवायला बसतात त्या ओटीच्या भिंतीवर आईचे ते दोन रकाने ऑइलपेंटने रंगवले होते. पडदा मी ओढायचा होता. मुख्याध्यापक महिपती सर भाषण संपवेनात.

“आवरा हो, खिचडी करपते हाय,” सगुणा टोपाजवळून ओरडली. मी पुढे निघाले, तशी मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाली, “ओढ गो, मालू. बघ, माझं नाव पण घातलंय का त्या वाइटात?”

मी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. शेवटची ओळ होती ‘सुकी मासळी’, लाल रंगात. तिच्याखाली मांडी घालून मिठागरावरची ती मुलगी बसली होती. ती मान वळवून ओळ वाचत होती.

महिपती सरांनी माइक पुढे केला. “आईंबद्दल दोन शब्द.”

“ही शेवटची ओळ पुसा,” मी म्हणाले. “आईचं चुकलं होतं. आणि तो जवळा सगुणाने माझ्या डब्यात घातला नव्हता. मीच तिच्याकडे मागून घेतला होता. रोज मागायचे. आईने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”