त्यांच्या वाटणीचा कप

मी एक जुनी गाळणी आहे. दांडा वाकडा आणि जाळीला तारेचा एक टाका. तो टाका माझ्या बाईच्या नवऱ्याने घातला होता. बाई शिवणकाम करते. "नवी आणू या," असं ती म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, "असू दे गं, चांगली कामाची आहे." मित्रांनो, माझं जन्मात झालेलं कौतुक ते एवढंच, पण मला ते पुरलं.

कारखान्यात आम्ही ढिगाने जन्मलो. घर मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाचं. माझ्या घरी सकाळी आधी बाईचा कोरा चहा माझ्यातून उतरायचा. मग पातेल्यात भरपूर दूध पडायचं, पुन्हा उकळी यायची आणि नवऱ्याचा कप भरायचा. बाईला दुधाचा वासही नको असायचा.

एके दिवशी तो अचानक गेला. घर माणसांनी भरलं आणि रिकामंही झालं. त्यानंतरच्या सकाळी बाईने मला उचललं आणि दोन कप भरले. सवयच ती! दुसरा कप त्याच्या खुर्चीसमोर निवत राहिला. तिला तो ओतून टाकवेना, म्हणून तिने डोळे मिटून पिऊन टाकला. पुढे रोज तसंच होऊ लागलं. ती खुर्चीशी बोलायची. खरं सांगते, खुर्चीतून उत्तर येईल अशी मलाही भीती वाटायची.

मग तिच्या बोटांना खाज सुटली, भेगा पडल्या. पांढऱ्या कापडावर रक्ताचे ठिपके उमटू लागले. गिऱ्हाइकं कापड परत न्यायची. "हे गेले ते माझे हातही घेऊन गेले," असं ती खुर्चीकडे बघून म्हणायची.

शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. खाण्यातलं काहीतरी बाधत असेल, म्हणून त्यांनी संशयाचे सगळे पदार्थ बंद करायला सांगितले. हात सुधारले की एकेक परत खाऊन बघायचा. गहू, अंडी, शेंगदाणे, दूध, सगळं सुटलं. बाई नुसत्या भातावर आणि उकडलेल्या भाजीवर राहिली, वाळून काटकी झाली. हात मात्र होते तसेच.

एका सकाळी नणंद आली.

"वहिनी, दूध नक्की बंद आहे ना?"

"अगं, मी दुधाला कधी शिवले आहे का? माझा चहा कोराच असतो."

"मग हा कप कोणाचा?"

"ह्यांचा."

"आणि पितं कोण?"

बाईने मला खाली ठेवलं. "तो मी माझ्या पिण्यात धरलाच नव्हता गं," असं म्हणून तिने तो कप नणंदेपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यातून एकच कप उतरू लागला. हळूहळू भेगा भरल्या, मशीन पुन्हा खडखडू लागलं. खुर्चीशी बोलणं थांबलं. मला ते घर फार मोठं वाटायचं.

मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून खात्री करायची वेळ आली. बाईने दूध ओतलं, नवऱ्याचा कप भरला आणि या वेळी डोळे उघडे ठेवून प्यायली. संध्याकाळी बोटं लालभडक झाली. ती हात पुढे धरून खुर्चीसमोर उभी राहिली.

"म्हणजे तुम्हीच होतात तर," ती म्हणाली आणि पोटभर रडली. मग तिने तो कप स्वतः विसळून पालथा घातला.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कोणी एकटं पडलं असेल, तर सकाळी त्याच्याकडे चहाला जा. दुसरा कप भरलेला दिसला, तर तो तुम्ही प्या.