लाल बाटली

मॅडम खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. खिडकीतल्या लाल बाटलीकडे त्यांची नजर सारखी जात होती, आणि त्या कशाला आल्यात हे वहिनींनी केव्हाच ओळखलं होतं.

"वहिनी, मीच दिली होती ती. परत मागायला जीभ रेटत नाही."

बाटलीत सोनं होतं. वहिनींचे यजमान मॅडमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. पाण्यात सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार करायचे, हे त्यांचं जन्माचं काम. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, लालबुंद होतं, आणि उजेड असा धरतं की रसायनातून वायू काढायला एरवी भट्टी पेटवावी लागेल, ते काम नुसत्या दिव्यावर होतं. पण भारी नाजूक प्रकरण! मिठाच्या पाण्याचा एक थेंब पडला की लालाचं निळं, सगळं वाया. म्हणून असं पाणी करायच्या दिवसांत हे गृहस्थ घरीसुद्धा मिठाच्या बरणीला शिवत नसत. भाजीत कमी पडलं तर वहिनींनीच वरून घालायचं. सोन्याचे एवढे लाड, बायकोचे कधी केले असते तर, असं त्या म्हणत. ते हसत आणि पुन्हा हात धुवायला जात.

ते गेले, तेव्हा त्यांच्या हातची ही शेवटची बाटली मॅडमनी आठवण म्हणून आणून दिली होती. नव्या लोकांनी केलेलं पाणी मात्र काही केल्या टिकेना. आज दुपारी मोठे साहेब बघायला येणार होते. प्रयोग फसला तर हे काम कायमचं बंद.

यजमानांचं असं घरात दुसरं उरलं होतं काय? पण काम बंद पडलं तर त्यांचा सगळा जन्मच मातीमोल. त्या उठल्या, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, कोरडे केले आणि बाटली खाली काढली.

"मीही येते," एवढंच म्हणाल्या.

प्रयोगशाळेत मॅडमनी सगळंच्या सगळं लाल पाणी काचेच्या भांड्यात, रसायनात ओतलं आणि दिवा लावला. बराच वेळ काहीच होईना. साहेब घड्याळ बघू लागले. मग तळातून बारीक बुडबुडे सुटले. दिवा बंद केला की थांबत, लावला की पुन्हा सुरू. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

"कामाला कधी दांडी मारली नाही त्यांनी," वहिनी हळूच म्हणाल्या.

रिकामी बाटली त्यांच्या हातात होती. डोळ्यांत खारं पाणी दाटलं तशा त्या उघड्या भांड्यापासून मागे सरल्या, पार दारापर्यंत गेल्या, आणि मगच रडल्या.