जुनी चिठ्ठी काढत नाहीत

"हे कागद आधी त्या टोपलीत टाक," आमच्या इंग्रजीच्या बाई, इबू रत्नाविलिस म्हणाल्या. "सहावा मसुदा, आणि चुका पहिल्याच्याच. जुनं समोर असलं की माणूस तेच उतरवून काढतो."

योसनेलीनं कागद छातीशी धरले. तिच्यामागे माझा नंबर होता, म्हणून मी दारातच उभी होते.

"टाकले तर कुठे चुकलं ते कळणार कसं, इबू?"

"मग काय, जपून ठेवतेस?"

"हो. कपाटात."

इबूंचं लाल पेन थांबलं. "उद्या येते. बघू दे मला तुझं कपाट."

बाहेर आल्यावर योसनेली मटकन पायरीवर बसली. आम्ही सगळ्या धाकट्या तिला उनी म्हणायचो, म्हणजे ताई. पादांग शहरातल्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात ती पाचव्या वर्षात होती. तेलताडाच्या खोडांवर वाढणाऱ्या नेच्यांवरचा तिचा प्रबंध केव्हाच तयार होता. अडलं होतं ते त्याच्या एका पानाच्या इंग्रजी सारांशावर. त्यावर इबूंची सही झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेच्या यादीत नाव लागत नसे, आणि यादी शुक्रवारी दुपारी बंद होणार होती. हर्बेरियम सांभाळणारे बुरहानकाका त्या महिन्याअखेर निवृत्त होत होते. त्यांची जागा उनीला मिळायची होती, पण पदवी हातात असली तरच.

"उनी, तुला कपाटाचं सांगायची काय गरज होती?"

"तोंडातून निघून गेलं गं."

आमचं हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांनी भरलेली पन्नास लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि हवेतली ओल शोषणारं एक घरघरतं यंत्र. तिथला एक नियम बुरहानकाका पहिल्याच दिवशी शिकवायचे. झाडाचं नाव कुणी चुकीचं लिहिलं असेल, तर ती चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी डकवायची. त्यावर बरोबर नाव, दुरुस्ती करणाऱ्याची सही आणि तारीख. काही पानांवर नव्वद वर्षांत पाच-पाच चिठ्ठ्या जमल्या होत्या.

उनीनं हा नियम आपल्या इंग्रजीला लावला होता. आमच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द, त्यामुळे पहिल्या वर्षी तिनं एका पत्रात डीनसाहेबांना तीनदा 'शी', म्हणजे 'ती', म्हटलं. वर्ग आठवडाभर हसला. तिनं ते पत्र जाड कागदावर चिकटवलं, खाली स्थळ, तारीख, संग्राहकाचं नाव लिहिलं आणि शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावली. तेव्हापासून सव्वातीनशे पानं झाली होती. त्यांची कुळंही पाडलेली होती: 'तो-ती' कूळ, गळालेल्या 'एस'चं कूळ, 'आय ॲम अग्री' कूळ. नमुने फक्त तिचे नव्हते. कॅन्टीनची पाटी होती, माझे सतरा होते. आणि एक इबूंच्या स्वतःच्या दारावरच्या, हातानं लिहिलेल्या इंग्रजी सूचनेचा फोटो होता. भेटीची वेळ ठरवल्याशिवाय विद्यार्थ्यांनी आत येऊ नये, असं सांगणाऱ्या त्या एका ओळीत दोन चुका होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्बेरियमच्या पायरीवर बसून आम्ही तिच्या आईनं पारियामानहून पाठवलेले सालालाउआक खात होतो. तांदळाच्या पिठाचे, माशांच्या वासाचे ते तळलेले गोळे एरवी ती मला दोनच द्यायची. आज अख्खी पिशवी माझ्याकडे सरकवली.

"ते इबूंचं एक पान काढून ठेव ना," मी म्हटलं. "यादी बंद होईपर्यंत चार तासांचा तर प्रश्न आहे."

ती हात धुऊन आत गेली. कपाट उघडलं, पान बाहेर काढलं. बुरहानकाका टेबलावर नेचा डकवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी बघत नाहीये," ते म्हणाले. "काय करायचं ते कर."

"काका, असं बोललात की मग काढवत नाही ना!"

तिनं पान होतं तिथंच परत ठेवलं.

इबू दहाला आल्या. उभ्यानंच पानं उलटू लागल्या. डीनसाहेबांच्या पत्रापाशी हसल्या. माझ्या सतरा नमुन्यांपाशी त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग त्या थांबल्या. यंत्रातलं पाणी बादलीत थेंब थेंब पडत होतं, ते मी मोजत होते. एकवीसपर्यंत पोचले.

"हे अक्षर माझं आहे."

"हो, इबू."

"कधीचं?"

"तीन वर्षांपूर्वीचं. तुमच्या दारावर अजूनही आहे."

"शेजारी दुरुस्ती का नाही?"

"ती मी कशी करणार, इबू?"

"तीन वर्षांत रोज चाळीस मुलं त्या दारातून आली असतील. एकानं सांगू नये?"

"आता सांगितलं ना," बुरहानकाका म्हणाले आणि त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा डबा पुढे सरकवला.

इबू बसल्या. पर्समधलं लाल पेन काढलं, पुन्हा आत टाकलं आणि काकांचं काळ्या शाईचं मागून घेतलं. ओळ नव्यानं लिहिली, सही केली, तारीख घातली. डिंक स्वतः लावला. काकांनी वर वजन ठेवलं.

"सुकेपर्यंत वीस मिनिटं," ते म्हणाले.

"मग तो सारांश आण," इबू उनीला म्हणाल्या. "आणि मागचे पाचही मसुदे."

त्यांनी सहा कागद ओळीनं मांडले आणि पहिल्यापासून वाचले. शेवटच्यावर दोन ठिकाणी खूण केली. "एवढंच राहिलंय. इथंच बसून कर, मी थांबते."

सही झाली तेव्हा उनी रडली नाही. आत खाणं आणायला बंदी होती, तरी उरलेले तीन गोळे तिनं इबूंपुढे धरले. काकांनी त्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं.

याला चार वर्षं झाली. पदवीनंतर मी मेदानला प्रयोगशाळेत लागले. गेल्या महिन्यात पादांगला गेले, तेव्हा काकांच्या टेबलावर उनी बसली होती आणि दोन नव्या मुलींना डिंक पातळ करायला शिकवत होती. मी ते पान मागितलं.

इबूंच्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी होती. अक्षर त्यांचंच, पण आता थोडं थरथरतं. त्या दुरुस्तीतही एक छोटा शब्द राहून गेला होता. तो त्यांनी भरला होता, सही आणि तारखेसह.

"निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आल्या होत्या," उनी म्हणाली. "बसनं."

"तुला आधीच दिसलं होतं का गं?"

"त्या दिवशी? माझ्या सारांशावरची सही बाकी होती." ती हसली. "नंतर दिसलं. मी नुसती पानावर त्यांच्यासाठी जागा सोडून ठेवली."

तिनं पान बंद केलं, कपाटात ठेवलं आणि यंत्राखालची भरलेली बादली बदलायला गेली.