पीस पडलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. पण जुना म्हणून माझी कीव करायला याल, तर आल्या पावली परत जाल. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या उत्तरेला क्री या आदिवासी जमातीतल्या एका माणसाने मूस हरणाचं कातडं ताणून मला घडवलं. तेव्हा आमच्या नाचगाण्यांवर सरकारची बंदी होती, म्हणून माझं बालपण तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांखाली गेलं. आता त्या माणसाचा मुलगा विल्फ्रेड ओकीमाव माझा सांभाळ करतो. आमच्यात ढोल म्हणजे घरातला वडीलधारा. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवून तर पाहा!

बंदी उठली, तरी शहराच्या मोठ्या मैदानात बोलावणं यायला विल्फ्रेड म्हातारा व्हावा लागला. त्या उन्हाळ्यात त्याने माझ्यावर चिमूटभर तंबाखू वाहिली, भाचे काठ्या घेऊन भोवती बसले आणि त्याची नात शायला नाचायला उतरली. मैदान खचाखच भरलं होतं. मला फार अभिमान वाटत होता.

नाच रंगात आला आणि शायलाच्या केसांतलं गरुडाचं पीस गवतावर पडलं. विल्फ्रेडने हात वर केला. काठ्या जागच्या जागी थांबल्या.

कार्यक्रमाचा व्यवस्थापक धावत आला. "काय झालं हो? टीव्हीवर थेट चाललंय!"

"पीस पडलंय," विल्फ्रेड म्हणाला.

"अहो, मग उचला की! एका पिसासाठी एवढं?"

"मी नाही उचलायचं," शायला म्हणाली. "पडलेलं पीस म्हणजे पडलेला सैनिक. ते सैनिकानंच उचलायचं. आणि तोवर कॅमेरे बंद."

"असं असेल तर पुढच्या वर्षी हे मैदान विसरा."

विल्फ्रेड हसला. "हे मैदान? माझी आजी इथं रानबोरं वेचायची, पोरा. विसरायला जरा वेळ लागेल."

व्यवस्थापकाने रागारागाने ध्वनिक्षेपक बंद करायला लावले. करा म्हणावं! मूसचं कातडं विजेवर चालत नाही. सैन्यातून निवृत्त झालेली मार्लीन बिग्नेल काठी टेकत पिसाकडे निघाली, तसं भाच्यांनी सैनिकांच्या मानाचं गाणं धरलं आणि त्यांच्या काठ्या माझ्यावर पडू लागल्या. कातडं फाटेल की काय, अशी भीती मला वाटत होती, आणि फाटलं तरी बेहत्तर, असंही वाटत होतं. पुढच्या रांगेतल्या एकाने टोपी काढली. मग एकेक रांग उभी राहिली. कॅमेरेवाल्यांनीही कॅमेरे खाली घेतले. मार्लीनने पीस उचलून छातीशी धरलं, तेव्हाच गाणं संपलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची असते. मी करणार नाही. काचेच्या कपाटात कितीही जपला, तरी तो ढोल मुकाच. मला वाजवा. आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबा, मग समोर कोणीही असो.

पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही.

आम्ही गेलो.