स्लॉट क्रमांक तीनमधलं लग्न

सुदर्शन आणि यशोधरा यांचं लग्न लागलं. अक्षतासुद्धा पडल्या.

मित्रांनो, वरची ओळ तुम्ही वाचलीच नाही असं धरून चला. तसं काही झालेलं नाही. आत्मवृत्ताची सुरुवात आपल्या नावगावाने करायची असते, म्हणून मी नावगावाने करतो.

मी एक जुना संगणक आहे. मुक्काम निरगुडसर, तालुका आंबेगाव. सध्या एका पोटमाळ्यावर आडवा पडून आहे आणि माझ्यावर लसूण वाळत घातलेला आहे. माझा जन्म १९९८ साली पुण्यात झाला. एका ऑफिसने मला पत्रं टाईप करायला घेतलं. तिथे चार वर्षं मी 'वरील विषयास अनुसरून' एवढं एकच वाक्य हजारो वेळा लिहिलं. पुढे काय विषय होता ते कधी कळलं नाही. पण त्यामुळे माझी भाषा जरा अर्जासारखी झाली आहे, तेवढी सांभाळून घ्या.

मग ऑफिसला नवे संगणक आले आणि मला गोरख सरांनी आणलं. गोरख सर म्हणजे निरगुडसरच्या कॉम्प्युटर क्लासचे मालक, शिक्षक आणि शिपाई. क्लास खताच्या दुकानाच्या वर होता, त्यामुळे आमच्याकडे शिकलेल्या मुलांना आजही युरियाचा वास आला की टायपिंग आठवतं. मी जीपमधून गोधडीत गुंडाळून आलो. मांडीवर घेऊन बसल्या होत्या सरांच्या आई, अंबाबाई. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, "लागलं का रं?" इतक्या मायेने माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं. पुढे याच बाईंच्या हातून माझा अंत व्हायचा होता, पण त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी माझी पूजा केली.

ते नंतर सांगतो.

सरांकडे एका मासिकाबरोबर फुकट आलेली गेमची सीडी होती. त्यांनी ती माझ्यात घातली. त्या गेममध्ये एक वीर असतो, तो डोंगरदऱ्या हिंडतो, सोबत तीन-चार माणसं जमवतो आणि शेवटी एका राक्षसाला मारतो. सोबत्यांमध्ये एक जखमा बरी करणारी वैद्यीण होती. तिचं इंग्रजी नाव सरांना काही केल्या उच्चारता येईना. मग ते तिला साळुबाई म्हणू लागले आणि सगळा क्लास तिला साळुबाई म्हणू लागला.

संध्याकाळच्या बॅचला पारगावहून सुदर्शन यायचा. वय बावीस. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. उसाच्या ट्रॉलीचं वजन सांगण्यापलीकडे तो फारसं बोलत नसे. क्लास संपला की सर त्याला अर्धा तास गेम खेळू द्यायचे. त्याने वीराला स्वतःचं नाव दिलं आणि कापाकापी सुरू केली. गेममध्ये सोबत्यांशी बोलायची सोय होती. साळुबाई काही बोलू लागली की सुदर्शन बटण दाबून ते पुढे ढकलायचा. ट्रॉलीवाला बोलू लागला की तो असंच करायचा.

सकाळच्या बॅचला यशोधरा यायची. गावातल्याच सोमनाथ मास्तरांची मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. एका सकाळी सरांना यायला उशीर झाला, तेव्हा तिने तो गेम उघडून पाहिला. स्लॉट क्रमांक तीनमध्ये सुदर्शनचा खेळ जपून ठेवलेला होता. तिने पाहिलं, की ही वैद्यीण बत्तीस लढाया या माणसाबरोबर हिंडते आहे, त्याला चौऱ्याऐंशी वेळा मरणातून ओढून आणते आहे, आणि त्याने तिला अजून गाव कुठलं हेही विचारलेलं नाही.

"काय माणूस आहे," यशोधरा म्हणाली आणि तिने विचारलं.

साळुबाईने सांगितलं. तिचं गाव धरणाखाली गेलं होतं. आता मला सांगा, परदेशात बसून कुणी गेम लिहिला, त्यांना आंबेगावात काय झालं ते काय ठाऊक? पण यशोधराच्या आजोळचं शिवार डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने वीराकडून साळुबाईला एक शाल देवविली, खेळ पुन्हा स्लॉट तीनमध्ये ठेवला आणि एक्सेलचा तक्ता उघडून बसली.

संध्याकाळी सुदर्शनने लढाई सुरू केली, तर साळुबाई सगळ्यांना सोडून आधी त्याच्याकडे धावली. तो चमकला. त्याने गेममधली वही उघडली. तिथे झालेलं सगळं बोलणं लिहिलेलं राहतं. आपलाच वीर इतकं नीट, इतकं आपुलकीने बोललेला पाहून त्याला स्वतःचाच हेवा वाटला.

त्या दिवसापासून त्याची पंचाईत झाली. आधी लढाईत फार तर तलवार जायची. आता जाण्यासारखं माणूस होतं. साळुबाई पडली की राक्षस अर्ध्यावर टाकून तो मागे जायचा, पुन्हा पहिल्यापासून लढायचा. सर म्हणायचे, "आरं, जिंकलायस की तू." तर म्हणायचा, "ती न्हाई ना वाचली."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला विचाराल तर साळुबाई म्हणजे काही हजार आकडे. पण त्याआधी कुठल्या आकड्यांनी सुदर्शनला कपडे धुवून, भांग पाडून क्लासला यायला लावलं नव्हतं. वजनकाट्यावर तर तो दिवसभर आकड्यांतच असायचा.

स्लॉटला नाव द्यायची सोय होती. फक्त वीस अक्षरं, तीही इंग्रजी. सुदर्शनने त्यात लिहिलं: कोण बोलतंय हिच्याशी. दुसऱ्या दिवशी तिथे उत्तर होतं: मी, सकाळची बॅच.

असं चार महिने चाललं. साळुबाईशी दोघेही बोलत, आणि एकमेकांशी वीस वीस अक्षरांत. आज शाल घातली. पाऊस लई आहे का. पेपर कसा गेला. एकदा यशोधराने सरांना विचारलं, "सर, संध्याकाळी या मशीनवर कोण बसतं?"

"पारगावचा एक. काट्यावर असतो. का, काय बिघडवलं का त्यानं?"

"नाही," ती म्हणाली. "नीट केलंय."

सरांना वाटलं, प्रिंटरबद्दल बोलते आहे. प्रिंटर तर आजतागायत नीट झालेला नाही.

ऑक्टोबरात खेळ शेवटाला आला. राक्षसाच्या दारात साळुबाई थांबली आणि तिने वीराला विचारलं, "इथून पुढे माझ्याबरोबर राहशील?" खाली दोन उत्तरं: होय आणि नाही. सुदर्शनने माऊसचा बाण दोन्हींवरून फिरवून पाहिला. त्याने उत्तर दिलंच नाही. तिथेच खेळ ठेवला आणि नाव दिलं: तुम्ही ठरवा. सकाळी त्यावर उत्तर आलं: नाही, तुम्ही. संध्याकाळी पुन्हा: तुम्ही. असे नऊ दिवस गेले. साळुबाई नऊ दिवस दारात उभी. राक्षसही आत ताटकळलेला. इतका सोशिक राक्षस मी दुसरा पाहिला नाही.

दहाव्या दिवशी यशोधराने लिहिलं: होय असेल तर लिहीन. म्हणजे नसेल तर काही लिहिणार नाही, हे सुदर्शन समजला. त्याच आठवड्यात तिने सरांना सांगितलं होतं, की रविवारी मला बघायला चिंचवडचे पाहुणे येणार आहेत.

मग खंडेनवमी आली. गुरुवार होता. आमच्याकडे त्या दिवशी विळ्याकोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. क्लास दुपारपासून बंद ठेवायचा होता, म्हणून सरांनी सकाळची बॅच लवकर सोडली. यशोधरा एकटी मागे राहिली. ती माझ्यासमोर बसली आणि तिने 'होय' दाबलं.

लग्न लागलं. सहा सेकंदांचं होतं. ढोल वाजला, वीर आणि साळुबाई फुलांच्या कमानीखाली उभे राहिले. यशोधराने खेळ स्लॉट तीनमध्ये ठेवला आणि नाव लिहिलं: रविवारी घरी या. पाहुण्यांच्या आधी यावं, एवढाच तिचा हिशेब. कमान तिच्याने बंद करवेना. ती तशीच ठेवून जिना उतरून गेली.

तासाभराने अंबाबाई ताट घेऊन वर आल्या. सर मला बंद करायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "असू दे चालू. देवीला दिसू दे काय काम करतंय ते." त्यांनी माझ्या डब्याच्या पाठीवर झेंडूची जाड माळ चढवली. मग त्यांचं पडद्याकडे लक्ष गेलं.

"ही कोण रं?"

"साळुबाई."

"आन् ह्यो?"

"ह्यो सुदर्शन. गेममधला, आये."

"लगीन लागलंय व्हय?" अंबाबाई म्हणाल्या. "मग सांगायचं न्हाई? बिनअक्षतांचं कुठं लगीन आसतंय?"

आणि त्यांनी मूठभर अक्षता आमच्यावर टाकल्या. मनापासून टाकल्या. काही पडद्यावर पडल्या, बाकीच्या माझ्या डोक्यावरच्या जाळीतून पोटात गेल्या. दोन दाणे पंख्यात अडकले. पंखा थांबला. मागे झेंडू दाटलेला. सरांना ते गेमचं नेहमीचंच चित्र वाटलं; ते दार ओढून आईबरोबर ट्रॅक्टरच्या पूजेला गेले.

मित्रांनो, आमच्याकडे तेव्हा रोज दुपारी दोनला भारनियमन असायचं. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्या दिवशी लाईट गेली असती तर मी थंड झालो असतो, वाचलो असतो. पण सणाचा दिवस म्हणून वीज मंडळाने लाईट घालवली नाही. चार वाजता माझा पॉवर सप्लाय जळाला, आणि जाताना हार्ड डिस्कला घेऊन गेला. हार्ड डिस्क गेल्यावर मला हे सगळं आठवतं कसं, असं कृपया विचारू नका. विसरलो असतो तर मलाही बरं झालं असतं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि शनिवारी संध्याकाळी सुदर्शन आला. मी उघडा पडलो होतो.

"सर, व्हईल ना चालू?"

"गेलं सगळं. त्यात एवढं काय तोंड पाडतोस? दुसऱ्या मशीनवर मार परत राक्षस."

"राक्षसाचं न्हाई वो."

"मग?"

"साळुबाईनं इचारलं व्हतं. सकाळच्या बॅचनं काय लिवलं का, ते बघायचं व्हतं."

सर तेव्हा कुठे समजले. खुर्ची ओढून बसले. "आरं राव, मग जाऊन बोल की तिच्याशी. आन् जाऊन काय सांगशील? तिच्या आळीत उभं राहून आडनाव सांगावं लागंल. तुझं त्यांना, आन् तिचं तुझ्या बापाला."

"गेममधी कुणी इचारलं न्हाई," सुदर्शन म्हणाला.

सरांनी माझ्यावर फडकं टाकलं. मग म्हणाले, "उद्या बघायला येणारेत तिला. चिंचवडचं स्थळ हाय."

सुदर्शनने मान हलवली. "येणार आसतील तर मग तिनं काय लिवलंच नसंल."

तो रविवारी गेला नाही. काट्यावर हंगामाची तयारी होती, तिथे गेला. पुढे त्याने दुसऱ्या मशीनवर गेम पहिल्यापासून सुरू केला. साळुबाई भेटली. ती त्याला ओळखेना. त्याने गाव विचारलं, शाल दिली, सगळी उत्तरं पाठ होती तशी दिली. ती त्याच शब्दांत तेच बोलली. एका संध्याकाळी त्याने सीडी काढली, सरांच्या टेबलावर ठेवली आणि परत क्लासला आला नाही.

यशोधरा फेब्रुवारीत आली. सर्टिफिकेट न्यायला. गळ्यात काळे मणी, खाली मोटरसायकलवर नवरा थांबलेला. सही करताना तिला मी दिसलो, कोपऱ्यात, फडक्याखाली.

"हे बंद आहे?"

"कधीचं. आईनं खंडेनवमीला पूजा केली, पंख्यात तांदूळ गेलं. तू गेलीस आन् दुपारीच जळालं बघ."

तिचा पेन थांबला. "त्याच दुपारी?"

"त्याच."

"म्हणजे संध्याकाळी कुणीच काही वाचलं नाही."

"काय वाचायचं?"

यशोधरा माझ्याजवळ आली. फडकं उचललं. जाळीतून आत तांदूळ अजून दिसत होते, हळदीने पिवळे. ती हळूच म्हणाली, "मी त्या रविवारी सकाळपासून दारात बसले होते, सर. बाबा म्हणाले, आत ये, ऊन लागेल." मग तिने फडकं नीट चारी बाजूंनी खोचलं आणि सर्टिफिकेट घेऊन खाली गेली. सर बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. ते त्यांच्या हातात होतं.

मित्रांनो, गेम खेळताना सोबतच्या माणसांचं बोलणं बटण दाबून पुढे ढकलू नका. राक्षस कुठे जात नाही. यंत्राची पूजा जरूर करा, पण बंद करून करा. आणि कुणाला 'होय' सांगायचं असेल तर ते दोन ठिकाणी लिहून ठेवा.

माझं एवढंच एक काम राहिलं आहे, ते माझ्या भाषेत उरकतो.

प्रति, मा. विवाह निबंधक. वरील विषयास अनुसरून विनंती, की निरगुडसर येथील संगणकाच्या स्लॉट क्रमांक तीनमध्ये दिनांक २१ ऑक्टोबर २००४ रोजी लागलेल्या विवाहाची नोंद आपल्या दप्तरी घेण्यात यावी. वधूचा होकार जळाला असल्याने सादर करता येत नाही. वराला तो कळविण्यात आलेला नाही, तरी आपल्या कार्यालयामार्फत पारगाव येथे कळविण्यात यावा. तसेच दिनांक २४ ऑक्टोबरचा रविवार, सकाळचा भाग, ऊन चढण्यापूर्वीपर्यंत, संबंधितांसाठी पुन्हा एकदा भरविण्यात यावा. पुरावा म्हणून अक्षतांचे दोन दाणे सोबत जोडले आहेत. ते पंख्यातून निघत नसल्याने अर्जदारासह स्वीकारावेत, ही नम्र विनंती.