दोन बोटं मोठी

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईला दिवसभर एकच प्रश्न विचारावा लागतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि म्हणायचं, “हे बरं, का आधीचं?” ही बाई ते इतक्या आपुलकीने विचारायची की भलेभले लोक मान वाकडी करून, विचार करून उत्तर द्यायचे. घरी मात्र तिने तो प्रश्न कधी तोंडातून काढला नाही. बिजवराशी लग्न केलेल्या बाईने तो काढू नये, एवढी अक्कल तिला होती.

सासरी तिचं नाव चष्मेवाली पडलं. पाडलं नणंदेने. हिला स्वतःला चष्मा नव्हता, पण असल्या बारीकसारीक गोष्टींशी नणंदेला कर्तव्य नसे. पहिल्या भेटीतच तिने हिला भिंतीशी उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं आणि भावाला सांगितलं होतं, “तिच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. बाकी चालेल.” ती म्हणजे त्याची पहिली बायको, वारलेली. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लोकांना बाहेर काढणारा हा माणूस बायको गेल्यापासून स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा वागत होता. स्वभावाने सज्जन, पण बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

आणि घरात पहिल्या बायकोची मुलगी होती. खाऊ गालात साठवून ठेवायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. खारूच्या लेखी चष्मेवाली म्हणजे काकू. तक्रारीला कुठेच जागा नव्हती. काकू, वेणी घाल. काकू, पोटात दुखतंय. काकू, इथेच झोप ना. पण काकू! चष्मेवालीला एकदा, फक्त एकदाच, त्या पोरीच्या तोंडून आई अशी हाक ऐकायची होती. हे खूळ आहे हे तिला चांगलं कळत होतं. कळण्याने खूळ जात असतं तर अजून काय हवं होतं?

गॅलरीत पहिलीने लावलेली लिली होती. जाड, लांब पानं आणि वर्षातून एकदा केशरी फुलांचा भरगच्च गुच्छ. लावणारी गेली आणि फुलं बंद झाली. आता तर पानंही पिवळी पडत चालली होती. मुळं मातीतून वर येऊन कुंडीच्या काठावरून डोकावत होती आणि कुंडीला उभी चीर गेली होती. खारू दात घासायच्या मगने इमानेइतबारे पाणी घालायची आणि ते तसंच्या तसं तळातून वाहून जायचं.

“काकू, आईचं झाड मरतंय का गं?” तिने एक दिवस विचारलं.

“छट्! मी वाचवते की त्याला,” चष्मेवाली बोलून बसली. झाड जगलं तर कदाचित ती हाक पदरात पडेल. पण मेलं तर? पोरीच्या आईला दुसऱ्यांदा मारणारी बाई म्हणून जन्मभर या घरात वावरायचं.

नर्सरीवाला कुणावर तरी आधीच वैतागलेला होता. “मुळांना जागा उरली नाही, दुसरं काय! कुंडी बदला. पण हौसेने मोठी घेऊ नका, बाई. जुनीपेक्षा दोन बोटं मोठी, बस्. फार ऐसपैस मिळालं की झाड जीव धरत नाही.” जुनी माती झटकून टाका, काळी पडलेली मुळं कापा, काही दिवस सावलीत ठेवा, असं त्याने बजावलं. “आणि रोप लागलं की तुम्हाला कळेलच.”

दोन बोटं म्हटल्याबरोबर चष्मेवालीला नणंद आठवली आणि फिसकन हसू आलं. खरं तर तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण माणूस हसत असताना सावध नसतं, त्याला ती तरी काय करणार?

सुट्टीच्या दुपारी नवऱ्याला कामाचं बोलावणं आलं, तेव्हा तिने गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरली. कुंडीच्या कडेने सुरी फिरवली, तळाला थापट्या मारल्या, बुंधा धरून ओढला. झाड हलेना. शेवटी हातोडी घ्यावी लागली. खापरं गळून पडली आणि आत कुंडीच्याच आकाराची दुसरी कुंडी उभी होती, सबंध मुळांची. बोटाएवढी जाड, पांढरी मुळं गोल गोल फिरून एकमेकांत घुसली होती. माती अशी फारशी नव्हतीच. वास मात्र होता, आणि तो मातीचा नव्हता. नुकत्याच धुतलेल्या केसांना येतो तसा होता.

खारू उकिडवी बसली, मुळांना नाक लावलं आणि डोळे मिटून म्हणाली, “आई.”

ज्या शब्दासाठी चष्मेवालीचा जीव टांगणीला लागला होता, तो पोरीने मुळांना देऊन टाकला. ती खाली वाकून मुळं सोडवू लागली. एक मूळ तिच्या बोटाभोवती आलं, गर्दीत लहान मूल धरतं तसं. ते सोडवलं तर दुसरं आलं. मुळं कोमट होती. उन्हाने असतील, तिने स्वतःची समजूत घातली. गॅलरीत त्या वेळी ऊन येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

एक काळं मूळ सुरीखाली धरलं तशी खारू किंचाळली. “नको! एकही कापू नको! मातीपण टाकू नको. सगळं आईचं आहे.”

पोरीचा चेहरा बघून तिला नर्सरीवाल्याचं बोलणं कानामागे टाकणंच सोपं वाटलं. मेलेली मुळं, जुनी माती, काही म्हणता काही न टाकता तिने सगळं नव्या कुंडीत उतरवलं आणि कडेला उरलेल्या दोन बोटांच्या जागेत नवी माती अंगठ्यांनी दाबून बसवली. खापराने हात कधी कापला ते तिला समजलंही नव्हतं. वर्तमानपत्रावर रक्ताचे थेंब पडत होते आणि काही कुंडीतही गेले होते.

“काकू, लागलं?” खारूने विचारलं.

“अजून कुठलं गं,” चष्मेवाली म्हणाली. तिला वाटलं, पोर झाडाबद्दलच विचारतेय.

दुसऱ्या दिवशी झाडाने मान टाकली आणि चष्मेवालीनेही अंथरूण धरलं. अंग जड झालं, उजेड सोसेना. पडदे ओढून ती आतल्या खोलीत पडून राहिली. नवरा कपाळावर हात ठेवून “ताप तर नाही” म्हणाला आणि गोंधळून उभा राहिला. खारू दोघींना पाणी आणून द्यायची, झाडाला आणि हिला, त्याच मगने.

मग एका सकाळी पानं ताठ झालेली दिसली. त्याच सकाळी चष्मेवाली टुणकन उठून स्वयंपाकाला लागली. मिठासाठी तिचा हात वरच्या फळीवर गेला. तिने मीठ तिथे कधीच ठेवलं नव्हतं. फळी रिकामी होती, पण तिच्यावर बरणीच्या बुडाचा जुना गोल डाग होता. ती डागाकडे बघत असताना नवरा अंघोळीला निघाला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ए लिफ्टमन, टॉवेल विसरलास!”

ती त्याला अहो म्हणायची. लिफ्टमन हे पहिलीने पाडलेलं नाव, आणि ते त्याने कधी कुणाजवळ काढलं नव्हतं. तो दारातच थिजला. आता हा घाबरेल, काहीतरी विचारेल, म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने काही विचारलं नाही. त्याचा चेहरा हळूहळू खुलला आणि सगळ्यात जास्त भीती तिला त्याचीच वाटली.

दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तिने नेहमीचा प्रश्न विचारला. “आधीचंच बरं,” म्हातारा म्हणाला. “हो ना? मलाही तेच वाटतं!” ती इतक्या खुशीत म्हणाली की काच घासणारा कारागीर हातातलं काम टाकून बघत राहिला.

नणंद भेटायला आली. एरवी बसली की लवकर न हलणारी बाई, पण या वेळी हिच्याकडे टक लावून बघत राहिली. “अगं, तू उंच होतीस ना तिच्यापेक्षा?” एवढंच म्हणाली आणि अर्धा चहा टाकून चपला शोधायला लागली.

दार लागलं आणि चष्मेवालीला सगळं लख्ख कळलं. जागा संपली म्हणून कुणीतरी कुंडी बदलली होती, आणि ती नवी कुंडी गॅलरीत नव्हती. ती आत्ता इथे, या दारात उभी होती.

ती धावत गॅलरीत गेली. दोन्ही हातांनी लिलीचा बुंधा धरला आणि सगळा जोर लावून ओढला. कळ तिच्याच मानेतून गेली, कुणी केस मुळापासून उपटावेत तशी. तरी तिने दात आवळून परत ओढलं. करकर वाजत एक मूळ सुटलं आणि तिला एकदम स्वतःच्या माहेरचा जिना आठवला, धाकट्या भावाचं शेंबडं नाक आठवलं, दुकानात लागली त्या दिवशीची धडधड आठवली. कितीतरी दिवसांत यातलं काही आठवलं नव्हतं. म्हणजे उपाय चालत होता. अजून थोडा जोर केला असता तर झाड हातात आलं असतं, आणि ती तिची तिला परत मिळाली असती.

“काय करतेस?”

खारू उंबऱ्यात उभी होती. ती जवळ आली आणि हिचा चेहरा निरखून बघू लागली. आधी डोळे, मग ओठ, मग परत डोळे.

“आई?”

तोंड अजून चष्मेवालीच्याच ताब्यात होतं, हे तिला जाणवत होतं. नाही गं, मी काकू, एवढंच म्हणायचं होतं. बुंधा हातात होता. तिने पोरीकडे पाहिलं. इतक्या आशेने तिच्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं, अगदी कुणीही नाही. तिची बोटं आपोआप सैल झाली असं म्हणता येणार नाही. ती तिनेच सैल सोडली.

“ओ, बाळा,” ती म्हणाली.

खारू धाडकन येऊन बिलगली. हमसून हमसून रडली. मग तिच्या मानेत तोंड खुपसून, कुणी ऐकू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना? मला काकू पण खूप आवडायची. तिला मी वाढदिवसाला आई म्हणणार होते. पण तू सांगू नकोस हं तिला.”

“नाही सांगत,” आई म्हणाली.